तिसऱ्या फेरीतला हॉर्न
आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचं इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळत होतं, आणि त्या गोडसर, गरम वासानं मला एक जुनी शर्यत आठवली. काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर आम्हा हौशी लोकांची शर्यत होती. माझी दोन सिलिंडरची बाइक जवळजवळ शोरूममधून आणली तशीच होती. टायर आणि ब्रेक पॅड तेवढे दिल्लीच्या करोल बागेतून बदलून घेतले होते. बाकीच्यांच्या बाइक दुप्पट ताकदीच्या. "धुकं बघ ना, यार. आज राहू दे," दादा म्हणाला, तरी मी हेल्मेट चढवलं. सरळ रस्त्यावर सगळे मला मागे टाकत, पण वळणांवर मी त्यांना गाठत होते. तिसऱ्या फेरीत एका लाल बाइकवाल्याच्या अगदी मागे असताना हाच वास हेल्मेटमध्ये शिरला आणि काचेवर थेंब उडाले. त्याचं कूलंट त्याच्याच मागच्या टायरवर सांडत होतं. इतरांनी हॉर्न काढून टाकले होते, माझा होता. मी तो दाबून धरला. त्याला वाटलं, मी वाट मागतेय. त्यानं वेग वाढवला आणि पुढच्याच वळणावर बाइक त्याच्याखालून निसटली. मोडलेला पाय घेऊन स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यानं मला विचारलं, "इतनी क्या जल्दी थी?" मी कूलंटचं सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शलला हात केला असता, तर त्यानं झेंडा दाखवून त्याला थांबवलं असतं. पण त्यासाठी मला वेग कमी करावा लागला असता, हे मी त्याला सांगितलं नाही. दादालाही ते आजवर माहीत नाही.