सतरा नंबरचा स्टिकर

मीटिंगला अर्धा तास आहे, म्हणून मी पॅकहाऊसच्या ऑफिसात खुर्चीवरच डोळे मिटतो. दुपारचा पंखा कुरकुरतोय. शेजारच्या हॉलमध्ये आमच्या द्राक्ष सोसायटीचे सभासद भांडताहेत. ज्या देशाने बिनकागदाच्या परदेशी लोकांना घरात घुसून उचलायचा कायदा केलाय, त्याला यंदा माल पाठवायचा की नाही? सहा जण एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. तेरावा हात माझा. बहिष्काराचा ठरावही माझाच, कारण माझा भाचा प्रवीण तिथेच बिनकागदाचा अडकलाय.

पंख्याची कुरकुर थांबते आणि कात्रीची सुरू होते.

समोर आक्का बसली आहे. डोक्याला जाळीची टोपी, एका हातात कात्री, दुसऱ्यात देठाला धरलेला घड. माझी थोरली बहीण, प्रवीणची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"जेवलास का?" ती विचारते.

"आक्का, तू..."

"पेट्या भरायच्यात. चल."

आता आम्ही शीतगृहात आहोत आणि दार बाहेरून बंद आहे. छतापर्यंत पेट्या, प्रत्येकीवर १७ नंबरचा स्टिकर. हा आक्काचा नंबर. पेटी भरणाऱ्या बाईचा नंबर पेटीवर लागतो. परदेशात एक मणी नासका निघाला, तरी ती बाई सापडते. आक्काचे उरलेले स्टिकर बायकांनी तिच्या सरणावर ठेवले होते. जळताना मी पाहिलेत.

"हिला कोण अडवत न्हाई बघ," ती पेटीवर हात ठेवते. "हिच्याकडं कागद हाय. माझ्या पोराकडं न्हाई."

"म्हणून तर माल बंद करतोय. बसू दे झळ त्यांना."

"कुणाला? प्रवीणला ज्यानं कामाला ठेवून घेतलंय, त्याच्याच दुकानात ही द्राक्षं जात्यात. आन् हितं चाळीस बायकांचं हातावरचं पोट."

"मग गप बसायचं?"

"आसं मी कुठं म्हटलं?"

पेटीच्या आतून कोणीतरी दार ठोठावतं. मी झाकण उचलतो. आत एक खोली आहे, पडदे ओढलेले. गादीआड प्रवीण अंग चोरून बसलाय. ठोठावणं वाढतं. मी हाक मारतो, पण आवाज फुटत नाही.

"त्याला इचारलंस?" आक्का म्हणते. "ज्याच्या नावानं चाललंय त्याला?"

नाही विचारलं. तीन आठवडे फोनच केला नाही. त्याने उचललाच नाही तर, या धास्तीने. त्यापेक्षा मीटिंगमध्ये हात वर करणं सोपं होतं.

ती माझं मनगट बर्फासारख्या बोटांनी दाबून धरते. "ठराव तुझा न्हवं? मग नंबर बी लागंल."

"भास्करराव! सगळे थांबलेत."

दारात सेक्रेटरी शेलार उभे आहेत. पंखा फिरतोय. बाहेर नोव्हेंबरचं ऊन आहे, द्राक्षं यायला अजून दोन महिने. मी घाम पुसायला हात उचलतो. मनगटावर स्टिकर आहे. १७. नखाने खरवडतो, निघत नाही.

"दोन मिनिटं द्या," मी म्हणतो आणि प्रवीणचा नंबर लावतो.

रिंग जाते. शेलार घड्याळ बघतात. रिंग जातेच आहे.