लातूर रोडला इंजिन फिरतं तेवढा वेळ

मागच्या आठवड्यात आईला घेऊन नांदेडहून पुण्याला निघालो. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. बॅग, फाइल, रिपोर्ट, औषधं… सगळं घेतलं होतं. आई मात्र निघायच्या आधीपासूनच गप्प गप्प होती.

तारीख ठरली तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, अक्का येईल का सोबत? अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, आमची गोदामावशी. चाकूरजवळच्या एका खेड्यात असते. मी फोन लावला. सून बाळंतीण, दारात दुभत्या म्हशी, घरात दुसरं बाईमाणूस नाही… ती कशी निघणार? स्टेशनवर येऊन भेटते म्हणाली.

आईला तसं सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली. आईचं 'बरं' मला चांगलं कळतं. पण करणार काय…

आमच्या भागातून ज्यांनी प्रवास केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लातूर रोड हे चाकूर तालुक्यातलं लहानसं जंक्शन. नावात लातूर असलं तरी लातूर शहर तिथून बरंच लांब. निजामाच्या राज्यात रेल्वे आली ती इथून गेली, लातूरला जाणारा माणूस इथे उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने जायचा, म्हणून हे नाव… असं माझे मामा सांगायचे. चहाचा स्टॉल, पाण्याचे नळ, वेटिंग रूम, चार बाकडी. बाकी काही नाही.

पण आमच्या गाडीला तिथे तोंड फिरवावं लागतं. पुढचं इंजिन सोडतात, बाजूच्या रुळावरून नेऊन दुसऱ्या टोकाला जोडतात. नवखा प्रवासी वैतागतो, खिडकीतून मान काढून बघत बसतो. आमच्याकडच्या लोकांसाठी मात्र ती हक्काची भेटीची वेळ. आजूबाजूच्या गावांतले नातेवाईक भाकरी बांधून आणतात, सरळ गाडीत चढून शेजारी बसतात, नातवंडांना मांडीवर घेतात.

इंजिन जोडलं की सगळ्या गाडीला एक धक्का बसतो. तो बसला की भेटायला आलेल्यांनी पटापट उतरायचं. घड्याळ कोणी बघत नाही.

काही वर्षांपूर्वी मामांनाही, म्हणजे आई-मावशीच्या दादाला, याच गाडीने दवाखान्यात नेलं होतं. तेव्हाही मावशी भाकरी घेऊन आली होती. धक्का बसल्यावर उतरली आणि खिडकीतून मामांचा हात धरून गाडीबरोबर थोडी चालली. मामा परत आले नाहीत.

तर त्या दिवशी जेवणवेळेला गाडी लातूर रोडला लागली. मावशीला तिचा मुलगा, आमचा दत्ता, मोटारसायकलवर घेऊन आला होता. मावशी चढली, भाकरी-चटणीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि आईकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "केसाचं काय करून घेतलंस हे. फिर तिकडं."

आई लहान मुलीसारखी पाठ करून बसली. मावशीने तिचे केस सोडले, बोटांनीच गुंता काढायला लागली. दोघी काही बोलत नव्हत्या. आजाराचं नाही, ऑपरेशनचं नाही… मामांचं तर नाहीच नाही. मी आईसाठी पाण्याचा ग्लास भरून धरला होता आणि आता भेटीची वेळ संपत आली याचं मलाच दडपण आलं होतं.

धक्का बसला. ग्लासातलं पाणी माझ्या पँटवर सांडलं. शेजारच्या बर्थवरची माणसं उठली, दाराकडे निघाली. खालून दत्ता हाका मारायला लागला, चल आई, चल.

मावशी वेणी घालत राहिली.

गाडी हलली तसा मी घाबरलो. "मावशी, गाडी निघाली!"

"निघू दे. अर्धी वेणी टाकून कशी उतरू?"

दत्ता प्लॅटफॉर्मवर तसाच उभा राहिला. मी फोन करून त्याला सांगितलं की लातूरला उतरवतो, तिथून घेऊन जा. टीसी आले, त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी आईकडे बघितलं आणि मावशीचं तिकीट करून दिलं. मी लातूरपर्यंतचंच मागितलं होतं…

गाडी आता उलट्या दिशेने चालली होती, आईला गरगरायला लागलं. मावशीने तिला समोरच्या सीटवर आणून खिडकीशी बसवलं. आईने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा भाकरी खाल्ली.

लातूर आलं. मी मावशीला उठा म्हणालो नाही. ती पण उठली नाही. टीसींना पुन्हा शोधून आणलं, तिकीट पुण्यापर्यंतचं करून घेतलं.

ऑपरेशन झालंय. मावशी आईच्या साड्या नेसते आणि आईच्या पलंगाखाली चटई टाकून झोपते. तिकडे सुनेची आई येऊन राहिली आहे, धारा दत्ता काढतो. म्हणजे अडलं काहीच नाही…

काल वॉर्डबाहेर चहा पिताना मी सहज विचारलं, मावशी, त्या दिवशी धक्का बसलेला कळला नाही का? तिला आता कमी ऐकू येतं, लक्षात राहत नाही, तसंच काहीतरी झालं असेल असं मी धरून चाललो होतो.

तिने कप खाली ठेवला.

"कळला की. न कळायला काय झालं?" मग म्हणाली, "दादाच्या टायमाला कळल्याबरोबर उतरले होते रं मी."

ती पदराने डोळे पुसून आत गेली. आईच्या वेणीची वेळ झाली होती.

पक्का रिपोर्ट अजून यायचाय. काय येईल माहीत नाही, भीती वाटते. लातूर रोडला उगीच वेळ जातो, असं गाडीत नेहमी कोणीतरी म्हणत असतं… तो वेळ होता म्हणून माझी आई आज एकटी नाही.