हौशीराम सरांच्या पायघड्या

आमच्या आणे गावच्या शाळेत कोण आधी आलं हे बघायला हजेरीपुस्तक लागत नाही. फाटकाजवळच्या मातीत बोटं फाकलेली, टाच रुतलेली अनवाणी पावलं दिसली की समजायचं, खेळाचे सर आले. हौशीराम सर. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. माहेर माझं शिनोलीचं, पण आता आयुष्य सगळं या पठारावरच गेलं. सरांची पावलं मी सात-आठ वर्षं रोज बघत आले, म्हणून हे लिहायला बसले.

आधी ते चारचौघांसारखे चपला घालायचे. एकदा जुन्नरला तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत आमच्या मुली हरल्या. सामना संपल्यावर सगळे खेळाचे सर चहाच्या टपरीवर बसलेले. त्यात जुन्नरचे नवनाथ सर होते. माणूस धिप्पाड, आवाज मोठा, आणि पाय असे की गावात त्यांच्या मापाचं काही मिळत नाही, पुण्याहून मागवावं लागतं. ते बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "हौशीराम, कशाला पोरींना एवढ्या लांब आणतोस राव? तुझ्या पोरींचा खो आळेफाट्याच्या पुढं चालत न्हाई."

सर उठले. म्हणाले, "माझ्या पोरी परदेशात जाऊन सामना जिंकतील. तवर पायात चप्पल घालणार न्हाई." चपला तिथंच बाकाखाली ठेवल्या आणि एसटीत बसले.

रागाचं बोलणं माणूस दुसऱ्या दिवशी गिळतो. पण सर उतरले ते थेट रंगदास स्वामींच्या देवळात गेले आणि तेच वाक्य नारळ ठेवून देवापुढं बोलले. मग संपलंच.

गाव आधी हसलं, मग सवयीचं झालं. पण सरांच्या बायकोला, म्हणजे ठकूवहिनींना, हसू आलं नाही ते नाहीच. दर दिवाळीला त्या एक चपलांचा जोड आणायच्या आणि खाटेखाली सारायच्या. "औंदा फिटंल," म्हणायच्या. त्यात सरांना साखर निघाली. टाचेची भेग भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सर, नवस लवकर फेडा. नाहीतर चप्पल मिळेल आणि पाय राहणार नाही."

म्हणून स्वित्झर्लंडच्या शालेय खेळ महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा गावाला विमानाचा आनंद झाला, मुलींना बर्फाचा झाला, आणि ठकूवहिनींना फक्त एका सामन्याचा. तिकडं यंदा खो-खो पहिल्यांदाच ठेवला होता आणि आमच्या मुलींनी राज्यात नाव काढलं होतं. गावानं आणि मुंबईकर मंडळींनी मिळून सगळं जमवलं. मुलींबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मी.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी आल्या. कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या चपला माझ्या हातात दिल्या. "बाई, तुमच्या पेटीत ठिवा. जिंकल्या की तिथल्या तिथं घाला म्हणावं. लई झालं."

मग मोज्यांचा प्रश्न निघाला. तिकडं थंडी, आणि सर अनवाणी. मोजे चालतात का? अर्धी शाळा चालतात म्हणे, अर्धी नाही म्हणे. शेवटी देवळाच्या गुरवांना, भागुजीबाबांना विचारलं. त्यांनी तंबाखू मळत विचार केला. "मोज्याला तळ असतो का?"

"नाही बाबा."

"मग चालंल. तळ नसंल ते पादत्राण न्हाई."

झालं. मुलींच्या आया विणायला बसल्या. लाल, हिरवे, एक पाय लांब एक आखूड, एकावर तर जुन्या स्वेटरचं बटण तसंच राहिलेलं. सरांच्या पिशवीत कपडे कमी आणि मोजेच जास्त.

विमानतळावर तपासणीला सगळे वाकून बूट काढत होते. आमचे सर लाल मोजे घालून ताठ पुढं गेले. मागून प्रतीक्षा ओरडली, "सर तयारीनंच आलेत!" ही प्रतीक्षा म्हणजे संघातली सगळ्यात बुटकी पोर. खांबाला वळताना दिसत नाही आणि बोलायला लागली की थांबत नाही.

तिकडचं काय सांगू! डोंगर म्हणजे शिवनेरीवर शिवनेरी ठेवावी आणि वर पांढरा फेटा बांधावा. गवत असं की बसायला लाज वाटावी. गायींच्या गळ्यात ही मोठी घंटा. प्रतीक्षा म्हणाली, "बाई, हितं गायीच देवळात राहत्यात का?" वैष्णवी, आमची कर्णधार, शहाणी मुलगी, पण तीसुद्धा आगगाडीच्या खिडकीला नाक लावून बसली ती उतरेपर्यंत. सकाळी न्याहारीला चीज पुढं आलं की मुली आपल्या पिशवीतला ठेचा काढायच्या. एका वेटरनं हौसेनं चाखला आणि मग बराच वेळ आमच्याकडं आला नाही.

हसत होतो, पण पहिल्याच सामन्यात आमचं हसू झालं. तिकडं चटईवर खेळतात आणि बूट घालावेच लागतात. आमच्या मुली जन्मभर मातीत अनवाणी पळालेल्या. बूट नवे घेतले होते, पण घेताना प्रत्येकीच्या आईनं दुकानदाराला एकच सांगितलेलं, "वाढत्या मापाचं द्या, पुढच्या वरसाला बी व्हतील." गणवेश वाढत्या मापाचा, चप्पल वाढत्या मापाची, तसे बूटही. आम्ही शिक्षक असून आमच्या ध्यानात आलं नाही, कारण आम्हीही तसेच वाढलो.

नेपाळच्या मुलींसमोर प्रतीक्षा खांबाला वळली. ती वळली, बूट सरळ गेला. थेट पंचांच्या पायाशी. पंचांनी तो उचलून अदबीनं परत दिला आणि सगळं मैदान हसलं. हरलो. दुसऱ्या सामन्यातही तेच, पाय एकीकडं, बूट दुसरीकडं. हरलो. आता राहिला एकच, इंग्लंडशी.

त्या सकाळी मी पर्समधला स्वामींचा फोटो उशीवर टेकवला, हात जोडले. मागितलं काही नाही. देवाला वहिनींच्या खाटेखालचं सगळं ठाऊक आहे.

खाली गेले तर सर मुलींपुढं मोज्यांची पिशवी उपडी करत होते. "घाला. दोन-दोन घाला, लागले तर तीन. बूट गच्च बसले पाहिजेत."

वैष्णवी म्हणाली, "आणि सर तुमी?"

"मला कुठं पळायचंय?"

आणि सामना सुरू झाल्यावर रेषेबाहेर सगळ्यात जास्त तेच पळाले. अनवाणी, मुठी आवळून, "खो दे! अगं खो दे की!" बूट आता पायाला चिकटल्यासारखे. प्रतीक्षा तर अशी वळत होती की इंग्लंडच्या मुली तिला शोधत राहायच्या. शेवटी आमची पाठलागाची पाळी, एक गुण हवा, वेळ संपत आलेली. वैष्णवीला खो मिळाला, ती उठली, खांबाकडं धावली आणि अंग झोकून दिलं. बोटं टेकली इंग्लंडच्या पळणाऱ्या मुलीच्या पाठीला. शिट्टी वाजली.

मी बाई माणूस, पन्नाशीची, खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. शेजारच्या परक्या बाईला मिठी मारली. तिनंही मारली. तिला काय कळलं होतं देव जाणे.

मुली धावत माझ्याकडं आल्या. "बाई, चपला! चपला काढा!" मी सकाळपासून पिशवीत घेऊनच हिंडत होते. सरांना खुर्चीवर बसवलं, चपला पुढं मांडल्या. सरांनी पाय उचलला. आणि परत खाली ठेवला.

"न्हाई पोरींनो. देवापुढं बोललो, देवापुढंच फिटंल. आधी नारळ, मग चप्पल."

"सर!" सगळ्या एकदम.

मी वहिनींना फोन लावून दिला. आवाज असा आला की फोनची गरज नव्हती. "जिंकल्या ना? मग घाला की वं आता!"

"आल्यावर."

"देवानं नवरा दिला का खांब दिला!" असं म्हणून त्या हसल्या, आणि मग नुसतंच नाक ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डोंगरावर जायचं होतं. आणि मुलींनी काय करावं? सरांचे मोजे म्हणून कृतज्ञतेनं एकूण एक धुतले आणि खिडकीबाहेर ओळीनं वाळत घातले. हॉटेलच्या बाईंनी येऊन बोटानं दाखवलं, असं इथं चालत नाही. मोजे आत आले ते ओलेच. दुकानं रविवारची बंद.

सर म्हणाले, "पाळण्यात तर बसतो. वरनं बघीन." तारेवरच्या त्या पाळण्यातून आम्ही वर गेलो. खाली झाडं काड्यांसारखी. वैष्णवी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती, मी उघड्या डोळ्यांनी. वर पाळणा थांबतो तिथल्या घरातली जमीन ऊबदार होती. काचेचं दार सरकलं आणि समोर पांढरं. नुसतं पांढरं, डोळ्यांत मावेना असं. मुली किंचाळत बाहेर.

सर उंबऱ्यात थांबले. मी म्हणाले, "सर, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मी कुठं जातोय बाई? हितनं बी झ्याक दिसतंय."

पण मान आपोआप लांब होत होती. सगळा डोंगर चढून आलेला माणूस, दोन पावलांसाठी दारात. वैष्णवीनं गोळा मारायला हात उचलला होता, तिनं ते बघितलं. हात खाली आला. तिनं गळ्यातली शाल काढली आणि सरांच्या पायापुढं बर्फावर अंथरली.

"पायघड्या!" प्रतीक्षा ओरडली. "ए, पायघड्या घाला गं!"

मग काय! टॉवेल आले, ओढण्या आल्या, माझी शाल कुणी ओढली कळलंच नाही. मी हातांनी कापड चाचपून बघितलं, दुपदरी घालायला लावलं. सरांनी पाऊल टाकलं की मागची मुलगी मागचं कापड उचलायची, पुढं पळायची, पुढचीला "खो!" म्हणून द्यायची आणि ती अंथरायची. पाठलागाच्या पाळीसारखंच. गोरी माणसं थांबून बघायला लागली. एका टकल्या आजोबांनी स्वतःचं जाकीट काढून ओळीत टाकलं, वर "को!" म्हणाले. खूप हसलो आम्ही.

"अगं मी काय देव हाय का पालखीतला?" सर संकोचून अर्धे झाले होते.

"सर, गपचिप चाला," प्रतीक्षा म्हणाली, "टॉवेल भिजतोय!"

कठड्यापर्यंत गेले. वाकले, चिमूटभर बर्फ घेतला, अंगाऱ्यासारखा कपाळाला लावला, आणि राहिलेला तोंडात टाकला. माझ्याकडं बघून म्हणाले, "साखर न्हाई यात. चालंल मला." मग तसेच पायघड्यांवरून परत. आत आल्यावर मी त्यांचे पाय पुसून कोरडे करायला लावले. भेग होती तेवढीच होती. देवाची कृपा.

आण्याला उतरलो तेव्हा गाव देवळापाशीच होतं. नारळ फुटला. भागुजीबाबांनी अंगारा लावला. "फिटला," म्हणाले. ठकूवहिनी पुढं झाल्या, त्यांनीच माझ्याकडून चपला घेतल्या, पायरीवर ठेवल्या. सरांनी पाय घातला.

जाईना.

दाबला, वाकडा केला, अंगठा आत गेला आणि बाकीची बोटं बाहेर. वहिनींनी कुणाला तरी घरी पिटाळलं, खाटेखालचे सगळे जोड पोत्यात घालून आणवले. एकही बसेना. इतकी वर्षं पाय मोकळे राहिले, ते वडासारखे पसरले होते. वहिनी जुन्याच मापाच्या चपला आणत राहिल्या आणि इतक्या वर्षांत एकदाही घालून बघायची सोय नव्हती. गावानं हसू दाबून धरलं होतं. वहिनींचे डोळे मात्र भरायला आले.

गर्दीत हार घेऊन नवनाथ सर आले होते, जुन्नरहून मुद्दाम. ते पुढं आले. हार सरांच्या गळ्यात घातला. मग पायरीपाशी काढून ठेवलेल्या आपल्या त्या पुण्याहून आणलेल्या चपला उचलल्या आणि सरांच्या पायापुढं मांडल्या.

"बघ राव, ह्या बसत्यात का."

पाय अलगद आत गेले. वर बोटभर जागा.

"वाढत्या मापाच्या हायत," वैष्णवी म्हणाली, आणि मग जे गाव हसलं ते हसलं. सर चार पावलं चालले, चपला फटक फटक वाजल्या, आणि सर स्वतःच दचकून मागं बघायला लागले, कोण येतंय म्हणून. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या.

नवनाथ सर आपल्या उघड्या पायांकडं बघत उभे. "आता मी तर अनवाणी झालो. मग हौशीराम, आता माझ्या पोरी परदेशात..."

"नवनाथभाऊ!" ठकूवहिनी अशा ओरडल्या की देवळातले पारवे उडाले. "तोंड मिटा! दार उघडं हाय, देव ऐकतोय!"

आणि पोत्यातला एक जोड त्यांच्या हातात कोंबला. तो अर्धवट घालून, टाचा बाहेर लोंबकळत, नवनाथ सर मोटरसायकलवरून जुन्नरला गेले.