कीबोर्डावरची हळद
खंडेनवमीला हळदीचा वास आला की मला वरकुट्याची आमची शाळा आठवते. तेव्हा घरात सही कुणालाच येत नव्हती. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरांमागं निघायचे आणि शाळेसाठी मी चुलतीकडं राहायची. त्या साली पुण्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीनं शाळेला पाच कॉम्प्युटर दिले. कंपनीतून रिटायर झालेले एक आबा दर शनिवारी एसटीनं येऊन आम्हाला फुकट शिकवायचे. खंडेनवमीला घरी लोकर कातरायच्या कातरीची पूजा झाली, तशी मी शाळेत जाऊन कॉम्प्युटरची केली. हळद चांगली पातळ कालवून कीबोर्डावर पाच बोटं ओढली. शनिवारी त्याचं एक बटण दबेना. "आता कंपनी समदं माघारी नेती बघ, तुझ्यापायी!" पोरं ओरडली. मी रडतच आबांपुढं गेले. "आबा, आमी हत्यार पुजतो ओ. मशीन नेऊ नगा." आबांनी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. "पुजलंस ना? मग आता उघड. हत्यार आतूनही ओळखीचं पाहिजे." दुपारभर मी एकेक बटण काढून कापसानं पुसलं. सगळं परत बसवून माझं नाव टाइप केलं, तर ते पडद्यावर उमटलं. "ह्या शाळेची मेकॅनिक हीच," आबा पोरांना म्हणाले. आता घरी कातरीशेजारी माझा लॅपटॉप असतो, आणि आई त्याला हळद कोरडीच लावते. आबांच्याच कंपनीत मी इंजिनिअर आहे, महिन्यातला एक शनिवार वरकुट्याच्या शाळेत शिकवते. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.