सावित्रीचं नाक

देवबागात मासळी घेताना शंका आली की बायका सावित्री राऊळला हाक मारत. सावित्री टोपलीजवळ यायची, वाकायचीसुद्धा नाही, लांबूनच म्हणायची, "कालचो आसा." विकणारीने कितीही शपथा वाहिल्या तरी बांगडा कालचाच निघायचा. असलं नाक देवाने दिलं तर माणसाने ते मासळीपुरतं वापरावं. सावित्रीने ते नवऱ्यावर लावलं.

तिचं सगळंच चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. बाळा राऊळ टेम्पो चालवायचा, आणि एके काळी टेम्पोपेक्षा बाळाच जास्त डुलायचा. बांद्यापलीकडे गोव्याची हद्द. काजूच्या दिवसांत भाडं घेऊन तिकडे गेला की येताना हुर्राकचा कॅन सीटखाली आणि कॅनात न मावलेली दारू पोटात. शेवटी एकदा सावित्री दोन साड्या पिशवीत कोंबून आचऱ्याला माहेरी निघून गेली. बाळा न्यायला गेला तेव्हा तिने अट घातली. मग देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बाळाने नारळावर हात ठेवून दारू सोडली, आणि गावादेखत सावित्री म्हणाली, "परत पिल्यात तर मी गेलंय म्हणान समजा. न्हेवक येव नकात."

तेव्हापासून घरात एक रीत पडली. बाळा कामावरून आला की उंबऱ्याबाहेर थांबायचा आणि तोंड उघडून "हाऽऽ" करायचा. सावित्रीने मान हलवली की मग आत. बाहेर धो धो पाऊस असला तरी आधी हाऽऽ, मग टॉवेल. शेजारीपाजारी हसायचे, बाळाही हसायचा. त्या हसण्याखाली त्याला काय वाटतं, हे विचारायचं सावित्रीच्या कधी डोक्यात आलं नाही.

अशात चतुर्थीच्या तोंडावर नोटीस आली. बाळाच्या टेम्पोचा नंबर, गुन्हा भरधाव वेगाचा, ठिकाण बांदा, महामार्ग. दिवस अक्षय्य तृतीयेचा, वेळ दिवेलागणीनंतरची. दंड भरा, नाहीतर लोक अदालतीत हजर व्हा.

सावित्रीने नोटीस दोनदा वाचली. त्या दिवशी बाळा देवगडला होता. म्हणजे तसं तो म्हणाला होता. तिकडच्या त्याच्या दोस्ताच्या, लवूच्या बागेतल्या आंब्याच्या पेट्या भरायला गेला होता आणि उशिरा परतला होता. उंबऱ्यावर हाऽऽ केलं तेव्हा तोंडाला नुसता लवंगेचा वास. "दाढ दुखता," असं म्हणाला होता. पुढे मालवणात जाऊन त्याने ती दाढ काढलीही, आणि पुरावा म्हणून कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली. दाढ किडलेली होती हे खरं. पण किडक्या दाढेचा माणूस पीत नाही, असं कुठे आहे?

"मी बांद्याक गेल्लंयच नाय गो," बाळा म्हणाला. "लवूच्या बागेत होतंय."

"मगे गाडी एकटीच गेली?"

"चुकला आसतला कायतरी. आता चतुर्थीची भाडी सोडून ओरोसाक कचेरीत खंय फेऱ्यो मारू? भरून टाकूया आणि मोकळे होवया."

झालं! हे त्याने बोलायला नको होतं. न केलेल्या गुन्ह्याचा दंड मुकाट भरणारा माणूस एकतर संत असतो नाहीतर चोर, आणि बाळा संत नव्हता हे सावित्रीइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने बाळाच्या नकळत लवूला फोन लावला. अक्षय्य तृतीयेला आमचे घरचे कुठे होते, एवढंच विचारलं. "हंयच होतो गे वैनी! दिवसभर!" लवू एका दमात म्हणाला. "बांद्याक कित्याक जायत तो?"

सावित्रीने फोन ठेवला. बांद्याचं नाव तिने काढलंच नव्हतं.

दुपारी बाळा जेवून लवंडला तेव्हा ती टेम्पोत चढली. सीटखाली हात घातला. जुना कॅन अजून तिथेच होता. झाकण काढून तिने वास घेतला. डिझेल. परत घेतला. डिझेलच. आता डिझेलने दारूचा वास दडपता येतो, हे काय बाळाला कळत नसेल? संशयाचं असंच असतं, त्याला नाही म्हणणारा पुरावा सापडला की तो आणखी बाळसं धरतो. नोटिशीसोबतचा कॅमेऱ्याचा फोटो मोबाइलवर उघडला, त्यात काळोखात एका टेम्पोची पाठ आणि वर ताडपत्री. तो टेम्पो बाळाचा म्हटला तर बाळाचा, नाहीतर कुणाचाही.

रात्री वाढताना ती म्हणाली, "दंड भरूचो नाय. तक्रार करूची. मी येतंय वांगडा."

बाळाला वाटलं, बायको आपल्या बाजूने उभी राहिली. बिचारा खूश झाला.

सकाळी ती टेम्पोत बसली तेव्हा मांडीवर पिशवी होती. पिशवीतून साडीचा काठ दिसत होता. ओरोसच्या कचेरीत जायला साड्या लागत नाहीत. बाळाने पिशवीकडे पाहिलं.

"ह्या कित्याक?"

"लागात तर."

नेहमी गाडीत गाणी लावणारा माणूस, पण त्या दिवशी ओरोस येईपर्यंत त्याने बटणाला हातसुद्धा लावला नाही.

वाहतूक कचेरीत किशोरी नावाची हवालदारीण होती, पोरसवदा, केसांना घट्ट जाळी. तिने नोटीस पाहून फोटो संगणकावर उघडला. सावित्री तोपर्यंत टेबलाला वळसा घालून तिच्या खांद्यामागे जाऊन उभीही राहिली होती.

"मावशी, समोर बसा."

"मोठा करा तो फोटो," सावित्री म्हणाली. कचेरीत ती शुद्ध मराठी बोलायची. "आमच्या गाडीच्या मागच्या फळीवर गणपती रंगवलेला आहे. तो मला दाखवा."

किशोरीने फोटो मोठा केला. ताडपत्री, फळी, लाल दिवा. गणपती नव्हता. सावित्रीच्या छातीत काहीतरी सैल होऊ लागलं, पण तिने ते होऊ दिलं नाही. "पुसला असेल," ती म्हणाली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाळाने डोळे मिटले.

किशोरीने आता नंबरप्लेट ओढून पडदाभर केली आणि एकदम हसली. "मावशी, तुमचा नंबर काय? नऊ आठ आठ नऊ. इंग्रजीत. आता हे वाचा."

पुढची अक्षरं इंग्रजी होती. पण शेवटचे चार आकडे कुणीतरी हौसेने मराठीत रंगवून घेतले होते, चांगले गोल गरगरीत. सावित्रीने बोट लावून वाचलं. "एक... चार... चार... एक."

"हां. मराठीतला एक इंग्रजीतल्या नवासारखा दिसतो आणि चार आठासारखा. कॅमेऱ्याने तसंच वाचलं आणि पावती तुमच्या नावावर फाडली. यंत्राला कुठे मराठी येतं? अर्ज द्या, रद्द होईल."

सावित्रीचं शुद्ध मराठी तिथेच संपलं. "यंत्राक मराठी येना म्हणान माझ्या घोवाक..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचं वाक्य यंत्राविषयीचं नव्हतंच. यंत्राने नुसता नंबर चुकीचा वाचला होता, बाकीचं सगळं तिने आपल्या मनाने वाचलं होतं. तिला भयंकर लाज वाटली.

अर्ज देऊन दोघं बाहेर आली. गाडी चौकाबाहेर पडल्यावर तिने विचारलंच, राहवलं नाही. "लवूक बांद्याचा कसा म्हायती?"

"मीच फोन केल्लंय तेका. तू इचारशीत ह्या म्हायत होता. तेका म्हटलंय, बाबा, आठवण ठेव, माझ्या बाजून दुसरो कोण नाय सांगणारो."

त्याने गिअर टाकला. मग समोर बघतच बाळा म्हणाला, "मी सांगलंय तां तुका पटला नाय. फोटोन सांगल्यान तां पटला. फोटोत आकडे दिसले नसते तर, सावित्री? आज तू आचऱ्याक उतरलेली आसतीस."

तिला म्हणायचं होतं, तसं नाही. पण पिशवी मांडीवर होती.

घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सावित्रीने आत जाऊन पिशवी फळीवर टाकली, दिवा लावला आणि बाहेर आली. बाळा टेम्पो लावून आला होता आणि उंबऱ्याबाहेर थांबला होता. दिवसभर तिच्याच शेजारी बसलेला, पाण्याशिवाय काही न घेतलेला तो माणूस. त्याने तोंड उघडलं. या खेपेला तो हसत नव्हता.

"मिटा तां," सावित्री कशीबशी म्हणाली. "आत येवा."

तो वाकून आत शिरला. तिच्या अगदी जवळून जाताना सावित्रीच्या लक्षात आलं की आपलं नाक वर झालंय आणि श्वास ओढतंय, आपोआप, कुणी न सांगता. तिने झटकन पदर उचलला आणि तो आत जाईपर्यंत नाकावर घट्ट दाबून धरला.