भाऊजी ओळ खोडत नसत

कपडे, मतं आणि सरकारं बदलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण लिहिलेली एक ओळही न खोडणारा माणूस आयुष्यात एकच भेटला, माझ्या ताईचे यजमान. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघं कापड रंगवणाऱ्या यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहायचो. नको झालेला भाग भाऊजी पुसत नसत. त्याच्या वर #if 0 आणि खाली #endif लिहून तो तात्पुरता बंद करत. कॉम्प्युटर तेवढं ओलांडून पुढे जाई. खरवईच्या घरीही तीच तऱ्हा. ताईने मोडकी किसणी टाकायला काढली की म्हणत, "राहू दे गं, लागेल कधीतरी." माळ्यावर तीन किसण्या होत्या, आणि खोबरं शेजारणीच्या किसणीवर किसलं जाई. नवा असताना मी एकदा असाच एक भाग कॉमेंटच्या, म्हणजे कॉम्प्युटरने वाचायचं नसलेल्या टिपणाच्या, खुणांत, /* आणि */ यांच्यामध्ये, कोंबला. आत भाऊजींचीच कॉमेंट होती. ती संपली तिथेच माझीही संपली आणि पडद्यावर चुकांची रांग लागली. भाऊजी पोट धरून हसले. "अरे, कॉमेंटच्या पोटात कॉमेंट मावत नाही. #if 0 घाल, निवांत झोपेल बिचारा."

त्यांच्या फाईलमध्ये चालू ओळींपेक्षा झोपलेल्याच जास्त. भाऊजी आठवडाभर गावी गेले, तेव्हा मी त्या सगळ्या उडवल्या. फ्लॉपीवरच्या जुन्या प्रतीवरही हीच नवी फाईल चढवली. कारखान्याचा सिंधी मालक, आमचा सेठ, खूश. "वाह साईं, आता कसं साफ दिसतंय!" परतल्यावर भाऊजींनी फाईल खालपर्यंत पाहिली, चष्मा पुसला. "छान केलंस. वाचायला सोपं झालं."

दोन महिन्यांनी अंबरनाथच्या एका गिऱ्हाइकाने बंद पडलेलं जुनं यंत्र पुन्हा सुरू केलं. त्याची झडप उशिरा उघडायची. त्यासाठीचा भाग भाऊजींनी तिथल्या कामगारांशेजारी वाफेत उभं राहून, घड्याळ लावून, महिनाभर जुळवला होता; तो मी उडवलेल्यांतच होता. पन्नाशी उलटलेले भाऊजी पुन्हा त्या वाफेत जाऊन उभे राहिले. सेठने विचारलं, "किसने उड़ाया?"

"माझ्याकडूनच गेलं," भाऊजी म्हणाले.

मी शेजारीच होतो. तोंड उघडलं नाही. नंतर माफी मागेन म्हटलं, तीही राहिली. भाऊजी कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर कुठलाही भाग बंद करण्याआधी मला विचारू लागले, "हे ठेवू की काढू?"

"ठेवा ना भाऊजी," मी घाईघाईने म्हणायचो.

ते मान हलवायचे, आणि हळूच काढून टाकायचे.