खंडेरावची काळजी

खंडेरावला काळजी करायची हौस होती, आणि घर सुटलं की त्या हौसेला ऊत यायचा, असं त्याच्या बायकोचं, नवसाबाईचं मत होतं. नवऱ्याबद्दलची बरीच मतं तिनं आयुष्यभर मनातच ठेवली होती. रामेश्वर-कन्याकुमारीच्या सहलीत ती ओठांवर यायला लागली.

गिरणारे रस्त्याला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. गावानं मिळून बस ठरवली तेव्हा खंडेराव नाहीच म्हणत होता. मग मुलानं, समाधाननं, मळ्यात आणि गोठ्यात कॅमेरे बसवले. म्हणाला, "आबा, मोबाइलवर सगळं दिसंल. जा निवांत."

निवांत कसला! बस सिन्नरच्या पुढं जाते न जाते तोच मोबाइल बाहेर निघाला. गडी का उभा, मोटार कुणी चालू केली, म्हैस का बसली. बाकीचे दर्शनाच्या रांगेत आणि हा पायरीवर बसून गोठा बघतोय. शेजारच्या रावजीला उसासे टाकत सांगायचा, "माझ्याइतकी काळजी कोनी करत नाय." जसं काही पदकच मिळालं होतं.

काळजी नवसाबाईलाही होती. म्हैस व्यायला टेकलेली, आणि सून दिशा शहरात वाढलेली. पण निघायच्या आधी तिनं दिशाला सगळं समजावलं होतं, डॉक्टरला सांगून ठेवलं होतं. आता संध्याकाळी एकदा फोन करायची, विचारायचं ते विचारायची आणि फोन पिशवीत टाकायची. तरीही जीव खालवर झाला, तर सहलीच्या आचाऱ्यापुढची मेथी ओढून निवडत बसायची.

कन्याकुमारीला पोचले त्या सकाळी म्हैस व्याली. खंडेरावनं मोबाइलवर पाहिलं. दिशा ओढणी कमरेला बांधून पारडी पुसत होती, समाधान हसत होता. खंडेरावचा चेहरा पडला.

"सुखरूप सुटली ना? मग तोंड का असं?" नवसाबाईनं विचारलं.

"मला एका शब्दानं विचारलं नाय त्यांनी."

नवसाबाई बघतच राहिली. इतकी वर्षं ती याला भित्रा समजत होती. कधी कधी तर तिला त्याची कीवसुद्धा यायची.

"तुमाला काळजी नाय ओ," ती म्हणाली. "तुमच्यावाचून तिथं अडायला पायजे, एवढंच हाय."

"तुला काय कळतंय? मी जातो घरी."

"जा."

ती अडवील म्हणून तो पिशवीची चेन लावत-उघडत घुटमळला. ती बायांबरोबर समुद्रावर निघून गेली. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा लुगडं भिजेल याचंसुद्धा तिला भान राहिलं नाही.

खंडेराव रेल्वेनं परतला. घरी पोचताच त्यानं डॉक्टरला विनाकारण बोलावलं, गड्याला झापलं आणि दिशाच्या हातची बादली काढून घेऊन स्वतः धार काढायला बसला. म्हशीनं पान्हा चोरला. त्याचं खापरही त्यानं सुनेवरच फोडलं.

बस परत आली तेव्हा तो ओट्यावर शेजाऱ्यांना सांगत होता, "येळेवर आलो म्हनून बरं. नायतर म्हैस हातची गेली असती."

नवसाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. आत जाऊन तिनं पिशवी ठेवली आणि बादली दिशाच्या हातात दिली.

"चल, मी पारडी सोडते. तू बस धारंला."

बादलीत धारा वाजायला लागल्या. बाहेर खंडेराव, आपण नसतो तर काय झालं असतं, ते सांगतच होता.